येरळेकाठची नावे

प्रवासास निघावयाचे म्हटले म्हणजे आपल्या घरांतून देवस्थान, गड किंवा थंड हवेचे ठिकाण यांपैकी एकाचे नाव निघते. साताऱ्याकडे जावयाचे तर सज्जनगड, औंधची यमाई, वाईचा ढोल्या गणपती, महाबळेश्वर. सांगलीकडे जावयाचे तर गणपतीचे मंदिर, औदुंबर, आणि थोडे पुढे सरकले तर नरसोबाची वाडी. या यादीस नाव ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तीर्थास जाणे मनास हितकारक आहे आणि गड चढणे शरीरास. परंतु याच रस्त्यांवर, तालुक्याच्या गावी, हुतात्म्यांची जी स्मारके उभी आहेत, ती पाहावयाची म्हणून कोणी घरून शिदोरी बांधून निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मुलांनी विचारलेच तर ‘ते बेचाळीसचे काहीतरी आहे’ एवढे उत्तर आपणांस पुरेसे वाटते.

त्या ‘काहीतरी’चा माग काढावा, या हेतूने आम्ही साताऱ्याहून निघून वडूज, तासगाव, इस्लामपूर आणि सांगली असा प्रवास केला. या प्रवासास सोबत येरळा नदीची. येरळा ही काही मोठी नदी नव्हे. खटाव तालुक्याच्या कोरड्या माळरानावरून ती निघते, वडुजावरून दक्षिणेस वाहत सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. पर्जन्यछायेतील नदी ती. पावसाळा सरला की तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसावयाची. ज्या दिवसांविषयी लिहावयाचे आहे, त्या दिवसांत हा सारा मुलूख, मधली संस्थाने वगळता, सातारा जिल्हा या एकाच नावाखाली होता. दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले.

साताऱ्यातून बाहेर पडण्यापूर्वी गेंडामाळावर क्षणभर थांबावे. सत्तावन्नच्या उठावात रंगो बापूजी गुप्ते यांच्या सहकाऱ्यांवर इंग्रजांनी खटला चालविला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी या माळावर सतरा जणांना देहान्त शासन दिले. पाच जण फासावर गेले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले, सहा जणांना गोळ्या घातल्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. स्वतः रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते कोणास पुन्हा दिसले नाहीत. सप्टेंबर महिन्याचा हा दिवस वाचकांनी ध्यानात ठेवावा. पंच्याऐंशी वर्षांनंतर, अवघ्या एका दिवसाच्या अंतराने, याच जिल्ह्यात त्याची पुनरावृत्ती व्हावयाची होती.

पूर्वेस निघालेला रस्ता कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस येतो. काळ्या पाषाणाचे घाट, देवळे, समाध्या यांनी हा काठ भरलेला आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. शाहू महाराजांच्या इमानी कुत्र्याची म्हणून एक समाधीही येथे दाखवितात. ती पाहिली म्हणजे मराठी माणसास स्मारकांची हौस नाही, हा आरोप सहसा कोणी करणार नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून वेशीजवळ, देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर वीरगळ आहेतच. खालच्या चौकटीत झुंज, वरच्या चौकटीत वीरास घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. दगड जुना होतो, गाव त्यास शेंदूर लावते, आणि काही पिढ्यांनी त्याचा देव होतो. मात्र महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. लढणाऱ्या माणसाचा चेहरा, ढाल, तलवार सारे आहे. नाव तेवढे नाही. आमच्या काळातील हुतात्मा स्मारकांत नेमके उलट घडले आहे. तेथे नावे आहेत, चेहरे क्वचितच. पूर्वीच्या शिल्पकाराने पराक्रम कोरला आणि माणूस विसरला. आताच्याने माणूस नोंदविला, पण त्यास पाहण्याचे काम आपल्या कल्पनेवर सोपविले.

कोरेगाव मागे पडले की हिरवळ हळूहळू विरळ होत जाते. पुसेगावास सेवागिरी महाराजांचा मठ लागतो. तेथून पुढे दोन्ही अंगांस बोडके डोंगर, बाजरी-ज्वारीची रानरे, मधूनच बाभळींची रांग, आणि खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज. मोठमोठ्या वाड्यांचे, घाटांचे, पेशवाई थाटाचे हे गाव नव्हे. बाजार, कचेरी, शाळा, एसटीचा तळ, असे कोणत्याही तालुक्याच्या गावासारखे गाव. येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी नऊ माणसे पोलिसांच्या गोळीबारात मारली गेली.

हे कसे घडले, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबईस गवालिया टँकवर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी गांधीजी व इतर पुढारी तुरुंगात गेले. पुढारी नाहीत, वर्तमानपत्रांवर निर्बंध, महायुद्ध ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपलेले. अशा वेळी सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी एक साधा कार्यक्रम आखला. प्रत्येक तालुक्यातील लोकांनी निःशस्त्र मोर्चा घेऊन मामलेदार कचेरीवर जावयाचे, तेथे तिरंगा लावावयाचा आणि सरकारी अंमल संपला असे जाहीर करावयाचे. २४ ऑगस्टला कराडास मोर्चा निघाला. ३ सप्टेंबरला तासगावास निघाला. ९ सप्टेंबरला वडुजाची पाळी आली. पुढाऱ्यांच्या अटकेस त्या दिवशी बरोबर एक महिना पुरा होत होता.

वडुजाच्या मोर्च्याच्या अग्रभागी वडगावचे परशुराम श्रीपती घार्गे होते. हे वडगाव म्हणजे जयरामस्वामींचे वडगाव. रामदासपंचायतनातील जयरामस्वामी आपल्या घरांतून नावाने ठाऊक आहेत. त्यांची समाधी या गावी आहे. ज्या गावाचे नाव आपण भक्तीच्या संदर्भात घेत आलो, त्याच गावच्या शेतकऱ्याने हाती झेंडा घेतला होता. कचेरीपुढे पोलिसांनी बंदुका रोखल्या. मोर्चा मागे फिरला नाही. गोळ्या सुटल्या आणि परशुराम घार्गे झेंड्यासह कोसळले. त्यांच्यासह नऊ जणांचे प्राण गेले.

या नऊ जणांत एक घार्गे, एक भोसले, एक पवार, एक सुतार, एक गायकवाड, दोन शिंदे आणि दोन खटावकर होते. ही आडनावे आम्ही मुद्दाम लिहिली. त्यांत एकही नाव असे नाही की जे त्यापूर्वी कधी वर्तमानपत्रात छापून आले असेल. नांगर धरणारे, आऊत-काठी घडविणारे, हाताच्या कामावर जगणारे लोक हे. इंग्रजी राज्याच्या घटनात्मक प्रश्नांवर त्यांनी व्याख्याने ऐकली असतील-नसतील. कचेरीवर झेंडा लावावयाचा आहे आणि तेथे बंदुका आहेत, या दोन गोष्टी मात्र त्यांना पुरत्या ठाऊक होत्या.

सातारा जिल्हा हा तसा सैनिकांचा जिल्हा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील पुष्कळ माणसे पहिल्या महायुद्धात गेली. त्यांपैकी सेहेचाळीस परत आली नाहीत. सरकारने त्या गावी त्यांच्या सन्मानार्थ दगड उभारला, आणि गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच प्रसिद्ध झाले. १९४२ सालीही या जिल्ह्याची मुले आफ्रिकेच्या वाळवंटात आणि पूर्वेच्या सरहद्दीवर त्याच सरकारसाठी लढत होती. म्हणजे एकाच मातीतून दोन तऱ्हेचे दगड उगवले. एक, सरकारसाठी मेलेल्यांचा. दुसरा, सरकारच्या गोळीने मेलेल्यांचा. दोहोंवरची आडनावे पाहू गेल्यास ती एकाच पंचक्रोशीतील दिसतात. घरोघरच्या बायकांच्या दृष्टीने दोन्ही दगडांचा अर्थ एकच होता: गेलेला माणूस परत आला नाही.

दुसऱ्या तऱ्हेचा दगड उभा राहण्यास काळ जावा लागला. स्वराज्य आले, भाषिक राज्य आले, आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महाराष्ट्र सरकारने राज्यभर हुतात्मा स्मारके उभारण्याचे काम हाती घेतले. आज जिल्ह्याजिल्ह्यांतून ती दिसतात. काहींची निगा उत्तम आहे. कित्येकांच्या आवारात गवत माजलेले आणि दाराला कुलूप. वडुजास ९ सप्टेंबर हा हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळला जातो, मानवंदना होते, शाळेची मुले येतात. हे पाहून बरे वाटते. इतर दिवशी स्मारकाच्या सावलीला बाजारास आलेली माणसे टेकतात, पिशव्या ठेवतात, भाकरी सोडतात. आमच्या सोबतच्या एका गृहस्थांना हे रुचले नाही. आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. ज्या लोकांसाठी ती माणसे मेली, ते हेच लोक. त्यांनी येथे बसून भाकरी खाल्ली तर दगडाचा अवमान होत नाही.

वडुजाहून येरळेच्या प्रवाहाबरोबर खाली आले की तासगावचा मुलूख लागतो. आता येथे द्राक्षांच्या बागा आहेत आणि बेदाण्याचा मोठा व्यापार. १९४२ साली ३ सप्टेंबरला, म्हणजे वडुजाच्या आधी सहाच दिवस, या गावी असाच मोर्चा आला होता. पुढे विधान परिषदेचे सभापती झालेले आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखले गेलेले वि. स. पागे हे त्याच्या नेत्यांपैकी. कचेरीपुढे हजारोंचा समुदाय जमला. मामलेदाराने गोळी घालण्याचा हुकूम दिला नाही. त्याने डोक्यावर गांधी टोपी घातली, कचेरीवर तिरंगा लागला, आणि लोक जयजयकार करीत शांतपणे घरोघर परतले.

तेच सरकार, तोच जिल्हा, तसेच लोक, तशीच मागणी. एके ठिकाणी टोपी, दुसरे ठिकाणी गोळी. मधे अंतर केवळ सहा दिवसांचे आणि येरळेच्या काही मैलांचे. तासगावच्या त्या दिवसाने कोणाचे घर उघडे पडले नाही, म्हणून त्या दिवसासाठी मृतांच्या नावांचा दगड कोरण्याची वेळ आली नाही. जेथे एखाद्या अधिकाऱ्याचे शहाणपण टिकते, तेथे इतिहासास दाखविण्याजोगे काही उरत नाही, आणि जेथे ते ढळते, तेथे शिल्पकारास काम मिळते. म्हणून वडुजाचे स्मारक पाहणाऱ्याने तासगावची कचेरीही पाहावी. पहिल्याने मेलेल्यांचे मोल कळते. दुसऱ्याने ते मरण अटळ नव्हते, हे कळते.

तासगावहून किर्लोस्करवाडी जवळ. औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडलच्या माळावर १९१० साली वसलेले हे कारखान्याचे गाव. ज्या मासिकांनी मराठी घरांतील तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, त्यांचे माहेरही हेच. येथे उमाशंकर पंड्या नावाचे एक इंजिनियर नोकरीस होते. सुशिक्षित, स्थिर पगाराचा माणूस. आपल्यापैकी कोणाच्याही घरात शोभेल असा. १० सप्टेंबर १९४२ रोजी, म्हणजे वडुजाच्या दुसऱ्याच दिवशी, वाळवे तालुक्याचा मोर्चा इस्लामपुरास निघाला, तेव्हा हे गृहस्थ त्यात सामील होते. कृष्णा ओलांडून पलीकडे गेले की हे गाव लागते. त्यास अलीकडे ईश्वरपूर असे नाव मिळाले आहे. तेथेही गोळीबार झाला. पंड्या पडले. कामेरीचे विष्णू बारपटे पडले. एक यंत्रे जाणणारा, दुसरा माती जाणणारा. या दोघांना एका दिवशी एका कारणासाठी मरण आले, ही गोष्ट आम्हांस इस्लामपूरच्या स्मृतीत सर्वांत मोलाची वाटते.

पंचांग उघडून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. त्यामुळे श्रावण सप्टेंबरापर्यंत लांबला. १० सप्टेंबर १९४२ हा दिवस श्रावणी अमावास्येचा, म्हणजे पिठोरीचा होता. हिलाच आपण मातृदिन म्हणतो. त्या सायंकाळी आई वाण डोक्यावरून मागे करून विचारते, ‘अतीत कोण?’ आणि पाठीशी उभे असलेले मूल आपले नाव सांगून म्हणते, ‘मी’. मुलांना आयुष्य लाभावे म्हणून हे व्रत. त्या अमावास्येच्या आदल्या दिवशी वडुजास नऊ आणि खुद्द त्या दिवशी इस्लामपुरास दोन, अशी माणसे गेली. त्यांच्या घरी हे व्रत होते की नव्हते, हा प्रश्न नाही. पिठोरी पुजणाऱ्या आणि न पुजणाऱ्या सगळ्याच आया तो प्रश्न या ना त्या शब्दांत रोज विचारीत असतात. त्या सायंकाळी काही घरांतून त्यास उत्तर आले नाही. स्मारकावरील नावे ही आम्हांस तेव्हापासून त्या राहिलेल्या उत्तरांसारखी वाटू लागली आहेत.

त्याच वर्षी, तीनच महिने आधी, याच महायुद्धात युरोपातील चेक लोकांच्या लिदित्से नावाच्या खेड्यावर नाझी सैन्याने सूड उगविला होता. १० जून १९४२ रोजी गावातील १७३ पुरुषांना ओळीने उभे करून गोळ्या घातल्या. बायकांना छळछावण्यांत धाडले. मुलांना आयांपासून तोडून नेले आणि त्यांतील बहुतेकांना विषारी वायूने मारले. गाव जाळून जमीनदोस्त केले. त्या क्रौर्याशी वडूज-इस्लामपूरची तुलना करणे न्याय्य होणार नाही. ते प्रमाण आणि तो हेतूच वेगळा होता. लिदित्सेचे नाव आम्ही काढले ते तेथील शिल्पासाठी. मारी उखितिलोवा या शिल्पकार बाईंनी १९६९ पासून पुढची वीस वर्षे एकाच कामास वाहिली. त्या गावच्या ८२ मुलांचे, म्हणजे ४२ मुली व ४० मुलगे यांचे, पूर्णाकृती पुतळे त्यांनी घडविले. १९८९ साली त्या वारल्या. त्यांच्या पतीने काम पुढे चालविले आणि २००० साली शेवटचे पुतळे उभे राहिले. आज त्या मोकळ्या उतारावर कांस्याची मुले एकत्र उभी आहेत. जवळ जाणाऱ्यास प्रत्येकाचा चेहरा निराळा दिसतो. एका बाईने ८२ वेळा ‘अतीत कोण?’ असे विचारले, असेच म्हणावयाचे. आपल्या नऊ आणि दोन माणसांकरिता असा एखादा शिल्पकार पुढेमागे निघावा, ही आशा आम्ही सोडलेली नाही.

वडूज व इस्लामपूर येथे जे झाले, त्याने या जिल्ह्याचा लढा बदलला. उघड मोर्च्यांचे दिवस संपले. कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत टिकले. लोक त्यास ‘पत्री सरकार’ म्हणत. सांगली संस्थानच्या तुरुंगात असलेल्या वसंतराव पाटील यांनी २४ जुलै १९४३ रोजी साथीदारांसह तुरुंग फोडला. पाठलागात गोळ्या सुटल्या. कृष्णेला पूर होता. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव त्या दिवशी गेले. स्वतः वसंतराव जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. पुढे हेच वसंतदादा राज्याचे मुख्यमंत्री झाले. सांगलीस गणपतीच्या दर्शनास जाणाऱ्यांनी या दोन नावांची आठवण अवश्य ठेवावी. वाळव्यास तर हुतात्मा किसन अहीर यांच्या नावाने सहकारी साखर कारखानाच उभा आहे; किसन अहीर १९४५ साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडले. नाव दगडावर कोरण्याऐवजी उसाच्या गाडीबरोबर रोज घेतले जावे, हीही स्मारकाची एक रीत आहे, आणि ती या भागास शोभून दिसते.

येथवर सारे सरळ आहे. परंतु ज्या घरांसाठी आम्ही हे लिहीत आहो, त्यांपैकी कित्येकांस सातारा-सांगलीचे नाव काढताच १९४२ आठवत नाही, १९४८ आठवते. ती गोष्ट टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता. त्यानंतरच्या काही दिवसांत पुण्यापासून कोल्हापुरापर्यंत, आणि विशेषतः सातारा-सांगलीच्या खेड्यांतून, ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. वाडे, धान्याच्या कणग्या, पोथ्या, दस्तऐवज, देव्हारे यांची राख झाली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीतून सुटला नाही. कित्येक कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी शहरांकडे निघाली आणि पुन्हा गावी परतली नाहीत. शेजाऱ्यांनी अंगणात उभे राहून वाचविलेली घरेही होती. पण जळलेल्या घराच्या आठवणीस आवाज मोठा असतो. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी गावाचे नाव पुढे फक्त आडनावात ठेवले.

त्या दुःखास दगड नाही. कादंबरी एक आहे: व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’. आणि येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हे माडगूळकर याच माणदेशचे, ब्राह्मण घरातले; कोवळ्या वयात शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात पडलेले. बेचाळीसच्या वाटेने जे गेले, तेच अठ्ठेचाळीसच्या आगीविषयी लिहिते झाले. एक आठवण सांगितल्याने दुसरी खोटी ठरते, असे त्यांना वाटले नाही. मग आपणांस का वाटावे?

आमच्या समाजात या बाबतीत एक मूक हिशेब चालत आलेला आहे. ‘त्या लोकांनी आमची घरे जाळली; त्यांच्या स्मारकांशी आमचा काय संबंध?’ असे कोणी उघड बोलत नाही, पण बैठकीत बेचाळीसचा विषय निघाला की तो लवकर संपतो. ‘पत्री सरकार’ हा शब्द उच्चारताना आवाज बदलतो. हा हिशेब मुळातच चुकीचा मांडलेला आहे. वडुजास पडलेल्या नऊ जणांना १९४८ पाहता आले नाही. ते साडेपाच वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांच्या नावावर नंतरची आग लिहिणे म्हणजे मेलेल्याच्या खात्यावर जिवंत माणसाचे कर्ज टाकणे आहे. आणि एका मारेकऱ्याच्या जातीमुळे सबंध जातीस जाब विचारणे जर अन्याय असेल, आणि तो अन्याय होताच, तर काही जमावांच्या कृत्यामुळे सबंध मुलुखाच्या हुतात्म्यांकडे पाठ फिरविणे हाही त्याच जातीचा अन्याय होय. ज्या मापाने आपण मोजले गेलो त्याची आपणांस चीड असेल, तर ते माप आपल्या हाती तरी धरू नये.

याचा अर्थ घरातील आठवण पुसून टाकावी, असा नाही. आजीने सांगितलेली जळत्या वाड्याची हकीकत नातवंडांस अवश्य सांगावी. मात्र त्याच संध्याकाळी परशुराम घार्गे यांचेही नाव सांगावे. दोन दुःखे तराजूच्या दोन पारड्यांत घालण्यासाठी नसतात. ती एका घरात, एका कोनाड्यात, शेजारी ठेवता येतात. किंबहुना ज्यास स्वतःच्या न कोरलेल्या दुःखाची कळ ठाऊक आहे, त्यासच दुसऱ्याच्या कोरलेल्या नावाची किंमत अधिक कळावी.

आता व्यवहाराचे दोन शब्द. साताऱ्याहून वडुजास कोरेगाव-पुसेगाव मार्गे एसटीने सहज जाता येते. परतताना औंध वाटेवर घ्यावे. श्रीभवानी संग्रहालय पाहून यमाईचे दर्शनही होते. वाहन घरचे असल्यास येरळेच्या खोऱ्याने तासगाव, किर्लोस्करवाडी करीत सांगलीस मुक्काम करणे सोयीचे. मुले सोबत असावीत. त्यांना स्मारकाचा इतिहास पाठ करावयास लावू नये. पाटीवरची नावे मात्र त्यांच्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत आणि आपण मागे उभे राहून ऐकावीत. नावे नऊच आहेत, फारसा वेळ लागत नाही. शक्य तर सप्टेंबरात जावे. त्या दिवसांत येरळेस पाणीही असते.